हीट प्रेससाठी चाकांचा स्टँड: ट्रॉली, ओटा आणि कडप्प्याची फरशी

८ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री साडेअकराला माझी हीट प्रेस, म्हणजे गरम प्लेटने दाबून कपड्यावर डिझाइन उठवायची मशीन, टेबलासकट मागे कलंडली. मागे चार बोटांवर भिंत होती म्हणून पडली नाही. वरची प्लेट तेव्हा १९० अंशांवर होती आणि माझी नऊ वर्षांची मुलगी त्याच खोलीत झोपली होती. काम झालेला टी-शर्ट काढायला मी हँडल वर ढकललं, प्लेट उघडली आणि टेबलाचे पुढचे दोन्ही पाय फरशीवरून उचलले गेले. नवऱ्याने धावत येऊन टेबल दाबून धरलं, मी बटण बंद केलं. त्या रात्री पुढचं काम केलं नाही. झोपही लागली नाही.

तिथपासून ७ एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळपास दोन महिने, या मशीनला धड उभं राहता यावं म्हणून मी जे जे केलं ते इथे लिहिते आहे. मशीन कोणती घ्यावी याबद्दल सांगणारे खूप भेटतात. ती ठेवायची कशावर, असं विचारलं की “मजबूत टेबल घ्या” एवढंच उत्तर मिळतं. मजबूत म्हणजे काय, हे मला पैसे आणि दिवस घालवून कळलं.

आधी माझी परिस्थिती सांगते. आम्ही नागपूरच्या मानेवाडा भागात राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे लहानसा पोर्च. जानेवारीत साठवलेल्या पैशांतून १६ × २४ इंची क्लॅमशेल मशीन घेतली. क्लॅमशेल म्हणजे शिंपल्यासारखी उघडणारी. मशीनचं वजन ४६ किलो, वीज साधारण २,००० वॅट. शाळांचे स्पोर्ट्स टी-शर्ट, मंडळांचे टी-शर्ट, वाढदिवसाच्या उशा अशी कामं मी घेते. मशीन जुन्या कॉम्प्युटर टेबलावर ठेवली होती, कारण घरात रिकामं टेबल तेवढंच होतं.

चाकं कशाला हवीत, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं कारण नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत १९० अंशांची प्लेट लावून कोणी तासभर उभं राहून दाखवावं. कूलर लावला तर त्याचा झोत प्लेटवर येतो, एका कडेचं तापमान उतरतं आणि डिझाइनचा तेवढा भाग फिका उठतो. म्हणून सकाळी सहा ते दहा पोर्चमध्ये काम करायचं आणि नंतर मशीन आत घ्यायची, असं मी ठरवलं होतं. पोर्चला जाळी नाही, त्यामुळे रात्री मशीन बाहेर ठेवता येत नाही. ४६ किलोची वस्तू रोज दोनदा उचलणं आम्हाला शक्य नव्हतं.

टेबल कलंडल्यानंतर दोन दिवसांनी, १० फेब्रुवारीला, मी ऑनलाइन एक लोखंडी ट्रॉली मागवली. किंमत ४,२९९ रुपये. वर्णनात “१०० किलो वजन पेलते” असं लिहिलं होतं, आणि माझी मशीन ४६ किलोची. मला वाटलं, दुपटीहून जास्त झालं, आणखी काय हवं.

ट्रॉली १५ तारखेला आली. चार उभे पाइप, तीन पत्र्याचे कप्पे, दोन इंची प्लॅस्टिकची चाकं. वजन तिने खरंच पेललं, पत्रा वाकला नाही. पण मशीन थंड असतानाच मी हँडल वर केलं आणि अख्खी ट्रॉली मागे सरकत झुकली. ब्रेक लावले तर सरकायची थांबली आणि जास्तच झुकली. आम्ही दोघांनी धरून मशीन खाली उतरवली.

१९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीचे चाळीस टी-शर्ट द्यायचे होते आणि मशीन जमिनीवर होती. शेवटी रात्रीचा स्वयंपाक आवरला की मशीन ओट्यावर चढवायची आणि सकाळी चहाच्या आधी उतरवायची, असे तीन दिवस काढले. ओटा माझ्यासाठी फार उंच होता, खांदे भरून आले. पण त्या तीन रात्रींत मशीन केसभरही हलली नाही. प्रत्येक टी-शर्टवर दाब सारखा आला, कडा स्वच्छ उठल्या. कडप्प्याच्या थंड, काळ्या, जड ओट्यावर मशीन घट्ट बसली होती. पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ तिथे आहे.

बाबा, म्हणजे माझे सासरे, मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तोवर ते काही बोलले नव्हते. १९ तारखेला दुपारी ते मशीनपाशी आले, स्वतः चार वेळा हँडल वर-खाली केलं आणि म्हणाले, “बेटा, मशीन वजनानं खाली नाही जाऊन राहिली. ती उलटून राहिली. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तू वजन पाहून राहिली, ओढ नाही पाहून राहिली.”

मग त्यांनी मला ते दाखवून दिलं. मशीन बंद असते तेव्हा तिचं वजन मधोमध असतं. उघडली की वरची प्लेट, आतलं हीटर, जाड ॲल्युमिनियम, सगळं मागच्या बाजूला उभं राहतं आणि वजनाचा मध्य मागे जातो. त्याच वेळी आपण हँडल वर ढकलत असतो, म्हणजे मशीनची पुढची बाजू आपणच उचलत असतो. बंद करताना उलटं. शेवटच्या चार इंचांत हँडल कडक लागतं, आपण अंगाचा भार टाकून ते खाली आणि स्वतःकडे ओढतो, तेव्हा मशीन पुढे यायला बघते. स्विंग-अवे प्रकारात वरची प्लेट बाजूला फिरते, तिथे हीच ओढ आडवी लागते. एका टी-शर्टमागे दोन धक्के धरले तर शंभर टी-शर्टांत दोनशे धक्के झाले. स्टँड घ्यायचा तो या धक्क्यांसाठी. “इतके किलो पेलते” हा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही.

ट्रॉली परत करायला फार दिवस गेले. १६ फेब्रुवारीला परतीची विनंती टाकली. न्यायला आलेला मुलगा पहिल्यांदा “मूळ खोकं नाही” म्हणून परत गेला, दुसऱ्यांदा “वजन जास्त आहे” म्हणून. खोकं मी माळ्यावर ठेवलं होतं, पण आतला थर्माकोल कबाडीला दिला होता. कोणतीही जड वस्तू मागवली तर पैसे परत मिळण्याची मुदत संपेपर्यंत खोक्यातलं काहीही टाकू नका आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. २७ तारखेला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याची पावती, झुकलेल्या ट्रॉलीचे फोटो, त्या दोन फेऱ्यांच्या तारखा, सगळं जवळ होतं, त्यामुळे पंधरा मिनिटांत तक्रार नोंदली गेली आणि क्रमांक मिळाला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते. पण त्यानंतर ५ मार्चला कंपनीचा फोन आला, ८ तारखेला ट्रॉली नेली आणि १४ मार्चला पैसे खात्यात आले. ते ४,२९९ रुपये माझ्यासाठी मोठे होते, म्हणून या तारखा मला तोंडपाठ आहेत.

मधल्या काळात जुनं काही मिळतं का ते पाहिलं. एका कबाड्याकडे बिडाच्या पायांचा जुना शिलाई मशीनचा स्टँड होता. दिसायला सुंदर, जडही, पण रुंदी फारच कमी आणि चाकं लावायला जागा नाही. ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरखालचा एक स्टँड आवडला होता. त्याची चाकं दांडीवर खुपसलेली होती आणि हाताने हलवली तरी खडखडत होती. लाकडी करावा म्हणून लकडगंजला चौकशी केली. सागवानाचा भाव ऐकून तो विचार सोडला, आणि प्लायच्या पेटीला कोपऱ्यांत इतके धक्के सोसणार नाहीत, असं बाबांचं मत पडलं.

५ मार्चला संध्याकाळी बाबांनी कॅलेंडरच्या फेब्रुवारीच्या पानामागे चित्र काढलं आणि आम्ही मापं घ्यायला बसलो. ही मापं घेण्यात दोन संध्याकाळी गेल्या. सगळ्यात जास्त उपयोग त्याच कामाचा झाला, म्हणून ते सविस्तर सांगते.

पहिलं माप उंचीचं. माझी उंची पाच फूट एक इंच. ओट्यावर खांदे का भरून येत होते, हे पाहायला आम्ही मशीन प्लॅस्टिकच्या क्रेटांवर आणि जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांवर ठेवून वेगवेगळ्या उंचीवर, थंड असतानाच, चालवून पाहिली. खालची प्लेट कोपरापेक्षा थोडी खाली असली की हँडल दाबताना दंडावर ताण न येता अंगाचा भार लागतो. माझ्यासाठी ती उंची ८५ सेंटीमीटर निघाली. मशीनची खालची प्लेट तिच्या पायांपासून १५ सेंटीमीटर वर आहे, म्हणजे स्टँडचा माथा ७० वर हवा. यातून चाकाची उंची वजा करायला विसरू नका. चार इंची चाक त्याच्या पत्र्यासकट १३ सेंटीमीटर होतं. आमच्या पहिल्या चित्रात ते धरलंच नव्हतं. तसंच केलं असतं तर मशीन पुन्हा ओट्याच्या उंचीवर गेली असती. चाक १३, खालचा पाइप ४, वरचा पाइप ४, प्लाय २. उरले ४७. पायाची लांबी ४७ सेंटीमीटर.

दुसरं माप दाराचं. चौकट जाऊन दार ७१ सेंटीमीटर मोकळं. म्हणून खालची चौकट ६६ पेक्षा रुंद करता येत नव्हती. पुढून मागे लांबी ८० ठेवली. वरची चौकट ५० × ६२. म्हणजे पाया माथ्यापेक्षा दोन्ही बाजूंना ८-८ सेंटीमीटर बाहेर, पुढे ६ आणि मागे १२. मागे दुप्पट, कारण उघडी प्लेट मागे जाते.

तिसरं माप मशीनच्या पायांतल्या भोकांचं. टेप लावून ते नीट येईना. मग मशीनखाली वर्तमानपत्र सरकवलं, चारही भोकांतून पेन्सिल फिरवली आणि तो कागद जपून ठेवला. पुढे तोच कागद प्लायवर चिकटवून भोकं पाडली, चारही जागच्या जागी बसली.

स्टँडच्या तळाशी कडप्पा ठेवायचं माझ्या डोक्यात आलं. ओटा बांधताना उरलेला दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा मागच्या बोळात भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभा होता. पाऊण इंच जाड. बाबांनी हिशेब केला, साधारण एकोणीस किलो. वजन जितकं खाली तितकं उलटणं अवघड, आणि हे वजन फुकटचं होतं. बाबांनी फक्त एक अट घातली. कडप्पा मधोमध अधांतरी राहिला तर धक्क्याने चिरतो, म्हणून त्याच्याखाली तीन पट्ट्या हव्यात आणि पट्ट्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचं रबर.

चाकं घ्यायला ९ मार्चला इतवारीत गेलो. लोहाओळीत हार्डवेअरची दुकानं एकाला एक लागून आहेत, आणि एका दुकानात “चाक दाखवा” म्हटलं की वीस प्रकार समोर येतात. दुकानदाराने पहिल्यांदा विचारलं, “वजन किती?” मशीन ४६, लोखंड ३०, कडप्पा १९, बाकी सामान धरून शंभर-एकशेपाच किलो. मी चारने भागायला लागले तर बाबांनी थांबवलं. फरशी कुठेच सपाट नसते, एखादं चाक नेहमी हवेत असतं, म्हणून तीनने भागायचं. एका चाकावर ३५ किलो. त्याच्या दुपटीहून जास्त, ८० किलोचं चाक घेतलं.

चाकाचा आकारही महत्त्वाचा. पोर्चमध्ये आमच्या शहाबादी फरशा आहेत. त्यांच्या सांध्यांत दोन इंची चाक अडकतं आणि चाक अडकलं की वरची मशीन झुकते. चार इंची चाक सांध्यावरून सहज जातं. चाकावर कडक प्लॅस्टिकऐवजी पीयूचा, म्हणजे रबरासारख्या पॉलियुरेथेनचा थर घेतला. तो फरशीवर ओरखडे काढत नाही. दांडीवाली चाकं घेतली नाहीत, चार भोकांच्या पत्र्याची घेतली, म्हणजे चार बोल्टांनी कसता येतात. ब्रेक दोन प्रकारचे असतात. एक नुसतं चाक अडवतो, पण चाकाचा वरचा भाग गोल फिरायचा तसा फिरत राहतो आणि स्टँड डुलतो. दुसरा दोन्ही एकदम अडवतो. दुकानातच चाक उलटं धरून ब्रेक लावा आणि हाताने दोन्हीकडे फिरवून पाहा. आम्ही चारही चाकं दुसऱ्या प्रकारची घेतली. एकेक ३२० रुपये, एकूण १,२८०. बिल घेतलं. एका चाकाचा ब्रेक घरी आल्यावर नीट लागेना, बिल होतं म्हणून दोन दिवसांनी बदलून मिळालं.

आता वेल्डिंग. तीन ठिकाणी विचारलं. एकाने नुसतं चित्र पाहून साडेसहा हजार ठोक सांगितले. दुसऱ्याला इतकं लहान काम नको होतं. तिसऱ्याने किलोवर भाव सांगितला, मालासकट १३० रुपये किलो, रंग वेगळा. किलोवर ठरवलेलं बरं, कारण शेवटी काट्यावर वजन समोर दिसतं. पण कोणता पाइप ते आधी ठरवून कागदावर लिहून घ्या. आम्ही दीड इंची चौकोनी पाइप, १४ गेज, म्हणजे दोन मिलिमीटर जाड, असं लिहून घेतलं. १,५०० रुपये आगाऊ दिले. तारीख ११ मार्च.

“ताई, चार दिवसांत देतो न जी,” तो म्हणाला. मग चित्र वळवून वळवून पाहत त्याने विचारलं, “पण खालचं इतकं मोठं काऊन पायजे? वरचंच माप खाली टाकतो न, माल वाचते तुमचा.” बाबांनी त्याच्या टेबलावरचा रिकामा खुर्चीचा सांगाडा घेतला आणि पाठीकडून ढकलून दाखवला. त्यानंतर त्याने प्रश्न विचारला नाही.

१६ तारखेला गेलो तर चौकट जोडून तयार होती आणि फरशीवर ठेवली तर एक कोपरा जवळपास पाव इंच वर. एका बाजूने पूर्ण वेल्डिंग करत गेलं की तापलेलं लोखंड थंड होताना त्या बाजूला ओढलं जातं आणि चौकट पिळते, हे मला तेव्हा कळलं. आधी सगळ्या कोपऱ्यांना नुसते टाके द्यायचे, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे, कर्ण सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग, तेही समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून. त्याने नाराजी दाखवली नाही. ग्राइंडरने दोन सांधे कापले, बाबांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. वरच्या चौकटीचा कर्ण एका बाजूने ७९.६, दुसऱ्या बाजूने ७९.७. “आता मार,” बाबा म्हणाले. कामाच्या या टप्प्यावर स्वतः हजर राहा. रंग दिल्यावर काही दिसत नाही.

चारही कोपऱ्यांत चाकाशेजारी एकेक मोठा नट वेल्ड करून घेतला आणि त्यात १६ मिलिमीटरचे, सात इंची, पूर्ण आट्यांचे बोल्ट. ही बाबांची कल्पना. चाकाला कितीही चांगला ब्रेक असला तरी त्यात थोडी ढिलाई राहते. काम सुरू करायच्या आधी चारही बोल्ट पान्याने खाली फिरवायचे, म्हणजे भार चाकांवरून उतरून बोल्टांवर येतो. १६ च्या बोल्टचे साधे आटे दोन मिलिमीटरचे असतात, पाच फेऱ्यांत एक सेंटीमीटर खाली येतो. पाना २४ नंबरचा. बोल्टखाली काठीच्या टोकाला लावतात तशी रबरी टोपी घातली, फरशी खराब होत नाही.

मग होळी आली. २५ मार्चची धुळवड, पण वेल्डिंगवाल्याकडचे दोन्ही कारागीर दोन दिवस आधीच गावी गेले आणि २९ ला परतले. स्टँडला रंग द्यायचा राहिला होता. मी रोज फोन करत होते, कारण १४ एप्रिलच्या बाबासाहेबांच्या जयंतीसाठी दोन वस्त्यांच्या मिळून एकशेवीस टी-शर्टांचं काम घेतलं होतं. नागपुरात हे काम मागे-पुढे करता येत नाही. तुम्हाला अशी तारीख गाठायची असेल तर मध्ये कोणता सण येतो ते आधी पाहून आठवडाभर जास्तीचा धरा.

त्याच दिवसांत विजेचं काम केलं. २,००० वॅटला साधारण नऊ अँपिअर लागतात. घरातलं नेहमीचं सहा अँपिअरचं एक्स्टेन्शन बोर्ड त्यासाठी नाही. माझं एक बोर्ड जानेवारीतच गरम होऊन पिवळं पडलं होतं. इलेक्ट्रिशियनकडून खोलीत आणि पोर्चमध्ये १६ अँपिअरचे सॉकेट, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि अर्थिंग तपासून घेतलं. लोखंडी मशीन लोखंडी स्टँडवर उभी राहणार, तिथे अर्थिंग नसून चालणारच नाही. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो, तो तोवर मी कधी वाचला नव्हता. आमचा एक किलोवॅट होता. भार वाढवायचा अर्ज ऑनलाइन केला, त्यासोबत चालू बिल आणि परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला. कोटेशन आल्यावर पैसेही ऑनलाइनच भरले. घराच्या वायरिंगचा आणि अर्जाचा खर्च मी स्टँडच्या हिशेबात धरलेला नाही.

३० मार्चला स्टँड तयार झाला. काट्यावर ३० किलो भरला, ३,९०० रुपये. रेड ऑक्साइड आणि वरून करडा रंग, ३०० रुपये. १ एप्रिलला छोट्या टेंपोने घरी आणला, ३५० रुपये. १९ मिलिमीटर प्लायचा तुकडा ४५० रुपये, नटबोल्ट आणि वायसर २२० रुपये. मशीनसाठी पाच मीटरची जाड तीन पदरी केबल आणि १६ अँपिअरचा प्लग १,१५० रुपये. चाकांसकट बेरीज ७,६५० रुपये. परत केलेल्या ट्रॉलीपेक्षा जास्त, हे खरं. पण ती ट्रॉली माझ्या कामाचीच नव्हती.

मशीन प्लायला आणि प्लायखालच्या पाइपांना आरपार १० मिलिमीटरच्या बोल्टांनी कसली, खालून रुंद वायसर आणि नायलॉनवाले लॉकनट, कारण रोजच्या धक्क्यांनी साधे नट ढिले होतात. नुसती ठेवलेली मशीन कितीही जड असली तरी सरकते. कडप्पा आम्ही तिघांनी बोळातून आणला, त्यावरचं शेवाळ मी ब्रशने घासून काढलं. पट्ट्यांवर रबर टाकून तो खाली सरकवला तेव्हा स्टँडचा आवाजच बदलला. आधी हाताने ठोकलं की पोकळ वाजायचा, आता नुसता ठक्क.

पहिली चाचणी ४ एप्रिलला, मशीन थंड असताना. बोल्ट खाली फिरवले, प्यालाभर पाणी प्लायच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि हँडल वर केलं. पाण्यावर वलय उठलं, पेला जागचा हलला नाही. बाबांनी मागून स्टँडला हात लावून धरला होता, तो त्यांनी काढून घेतला आणि म्हणाले, “अजून एकदा कर.” मी दहा वेळा केलं. मग प्लेट तापवली आणि एका जुन्या पांढऱ्या पॉलिस्टर टी-शर्टवर सब्लिमेशनचा, म्हणजे ज्याची शाई उष्णतेने कापडात मुरते तो, कागद ठेवून ४५ सेकंद दाबलं. चारही कोपरे सारखे उठले. टेबलावर डावा कोपरा नेहमी फिका यायचा. मी मशीनला दोष देत होते, दाबताना टेबल डावीकडे दबत होतं.

एक अडचण उरली होती, उंबरठा. दोन सेंटीमीटरचा उंचवटा, पण शंभर किलोला तो पुरतो. उरलेल्या प्लायचे दोन उतार करून दोन्ही बाजूंना टाकले. ७ एप्रिलला पहाटे मी आणि नवऱ्याने मशीन पहिल्यांदा पोर्चमध्ये नेली. उताराच्या जागी दुसरं माणूस लागतं, सपाटीवर मी एकटी ढकलते.

हलवण्याचे काही नियम आम्ही घरात पक्के केले आहेत. गरम मशीन हलवायची नाही. बंद केल्यावर तासभर थांबायचं, प्लेटजवळ हात नेऊन बघायचं. हलवताना प्लेट खाली मिटलेली, प्रेशर नॉब ढिला, मध्ये जुना टॉवेल. उघड्या प्लेटने ढकलली तर एवढं सगळं करूनही वजन वर आणि मागे जातं. केबल गुंडाळून स्टँडच्या आकड्यावर, नाहीतर ती चाकाखाली येते. आधी चारही बोल्ट वर घ्यायचे. एक जरी खाली राहिला तर फरशीच्या सांध्यात अडकतो. दर पंधरा दिवसांनी चाकं तपासून पाहायची. त्यांत दोरे आणि केस गुंडाळले जातात, टी-शर्टच्या कामात तर फारच.

१४ एप्रिलचं काम १२ ला संध्याकाळी पूर्ण झालं. पांढऱ्या टी-शर्टवर सब्लिमेशन, निळ्यांवर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापलेलं डिझाइन दाबून चिकटवायचं, सगळे सकाळच्या वेळात पोर्चमध्ये. न्यायला आलेल्यांपैकी एक ताई हुडकेश्वरच्या. त्यांच्याकडे १५ × १५ इंची मशीन आहे आणि तीही टेबलावर डुलते. त्या स्टँडकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग त्यांनी स्वतः हँडल वर-खाली करून पाहिलं. बाबांनी कॅलेंडरचं ते पान आणून दाखवलं आणि त्यांच्या दाराची रुंदी विचारली. त्यांना ती माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांनी सांगितली, ६८ सेंटीमीटर. त्यांच्या मशीनचं वजन कमी असल्याने पाया ५८ × ६५ पुरेल असं बाबांचं म्हणणं आहे, मागचा भाग मात्र १० सेंटीमीटर बाहेर हवाच. कडप्पा त्यांच्याकडे नाही, त्या एखादी शहाबादी फरशी शोधत आहेत.